पिशाच्च मानण्याची सोय

बहुतेक भयपटांचा प्रेक्षकाशी एक जुना करार असतो. संकट बाहेरून येतं, दोन-चार शहाणी माणसं ते ओळखतात, त्याच्यावरचा उतारा शोधतात आणि शेवटी त्याचा नायनाट करून सगळ्यांना निर्धास्त करतात. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून रक्तपिपासू पिशाच्चाच्या कथेत हा करार जवळजवळ अबाधित राहिला. १९३१ चा अमेरिकन ‘ड्रॅक्युला’ असो की १९५८ चा हॅमर कंपनीचा ब्रिटिश अवतार, पिशाच्च संपलं की गोष्ट संपते आणि उरलेली माणसं निष्पाप ठरतात. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो याने १९७६ च्या उन्हाळ्यात चित्रित केलेला ‘मार्टिन’ हा करार मुळापासून मोडतो. साधारण दीड तासाचा हा संथ, विषण्ण चित्रपट थोड्या पैशांत, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर तयार झाला आणि अमेरिकेत तो मुख्यतः मध्यरात्रीच्या खेळांमधून लोकांपर्यंत पोहोचला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आणि ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) या दोन गाजलेल्या चित्रपटांमुळे रोमेरोचं नाव झालं, पण स्वतःच्या कामातला त्याचा सर्वांत आवडता चित्रपट ‘मार्टिन’ होता आणि ते तो उघडपणे सांगत असे. ही आवड समजण्यासारखी आहे. एखाद्या माणसाला पिशाच्च ठरवणं ही भोवतालच्या समाजाची सोय असते आणि त्या सोयीची किंमत मारणारा, मरणारा आणि पाहणारा असे सगळेच मोजतात, हे इतक्या चिकाटीने मांडणारा दुसरा भयपट सापडणं कठीण आहे.

चित्रपटाची सुरुवात रात्रीच्या रेल्वेगाडीत होते. विशीच्या आसपासचा, लाजाळू चेहऱ्याचा मार्टिन एका प्रवासी स्त्रीच्या डब्याचं दार उघडायला येतो. त्याच्या दातांत इंजेक्शनची सिरिंज धरलेली असते. दार उघडण्यापूर्वी क्षणभर एक कृष्णधवल दृश्य चमकतं. त्यात तलम वस्त्रातली एक सुंदरी हात पसरून त्याची वाट पाहते आहे. प्रत्यक्षात आत गेल्यावर संडासातून पाणी सोडल्याचा आवाज येतो आणि चेहऱ्याला लेप लावलेली, झोपायच्या तयारीतली एक साधी बाई बाहेर येते. पुढची झटापट ओबडधोबड आणि लांबलचक आहे. ती ओरडते, शिव्या देते, त्याला ओरबाडते. तो औषध चढेपर्यंत तिला घट्ट धरून ठेवतो आणि दुखणार नाही, फक्त झोप लागेल, अशी तिची समजूत घालत राहतो. या पिशाच्चाला सुळे नाहीत. तो दाढीच्या ब्लेडने तिची नस कापतो, रक्त पितो आणि नंतर डबा नीट आवरून तिने स्वतःच जीव दिल्याचा देखावा उभा करतो. स्वप्न आणि वास्तव असं एकमेकांशेजारी ठेवून रोमेरो पहिल्या काही मिनिटांतच आपली बाजू स्पष्ट करतो. पिशाच्चाच्या दंतकथेत बळी भारून जातो, जवळजवळ राजी असतो. खऱ्या हिंसेत तो जिवाच्या आकांताने झगडतो. दंतकथा हिंसेला जो मुलामा देते, तो इथे खरवडून काढला आहे.

मार्टिन पिट्सबर्गला उतरतो आणि तिथून ब्रॅडक नावाच्या गावी आपल्या कूडा या वृद्ध नातलगाकडे राहायला जातो. लिंकन माझेल या नटाने साकारलेला कूडा पांढराशुभ्र सूट घालतो, किराणा मालाचं दुकान चालवतो आणि जुन्या देशातून आणलेली एक श्रद्धा उराशी बाळगून आहे. आपल्या कुळाला शाप आहे, पिढ्यापिढ्यांत काही मुलं पिशाच्च म्हणून जन्माला येतात आणि दिसायला पोरगेला असणारा मार्टिन खरं तर चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, असं तो मानतो. घराच्या दारांवर त्याने लसणाच्या माळा टांगल्या आहेत, भिंतींवर क्रूस लावले आहेत. पहिल्याच भेटीत तो मार्टिनला बजावतो की आधी तुझ्या आत्म्याचा उद्धार करीन आणि मग तुला नष्ट करीन. मार्टिन त्याच्यासमोर लसूण चावून खातो, क्रूस गालाला लावतो आणि जादूबिदू काही नसते असं पुन्हा पुन्हा सांगतो. तरीही आपण म्हातारे आहोत आणि आपल्याला रक्त लागतं, हे मात्र तोही मानतो. ही विसंगती चित्रपटाचा कणा आहे. घरच्यांनी लहानपणापासून ज्याला एकच नाव दिलं, त्या मुलाने जादू नाकारली, पण नाव नाकारणं त्याला जमलं नाही. स्वतःविषयी बोलायला त्याच्याजवळ दुसरी कोणतीही कथाच नाही. आजारपण असेल, छळ असेल, वासना असेल, त्याला जे काही होतं ते सांगायला कुटुंबाने दिलेली पिशाच्चाची भाषाच त्याला वापरावी लागते.

कूडाची श्रद्धा पटकथाकाराने सोयीसाठी रचलेली नाही. तिच्यामागे नोंदलेला इतिहास आहे. १७२५ मध्ये हॅब्सबर्ग राजवटीखालच्या सर्बियात किसिल्येवो गावी पीटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि पाठोपाठ थोड्याच दिवसांत आणखी काही माणसं दगावली. गावकऱ्यांनी थडगं उकरलं, प्रेत पुरेसं सडलेलं नाही असं पाहिलं, त्याच्या छातीत मेख ठोकली आणि ते जाळलं. या साऱ्याला एक सरकारी अधिकारी साक्षी होता. १७३२ मध्ये मेद्वेजा गावातल्या अशाच प्रकाराचा लष्करी वैद्यांनी लिहिलेला अहवाल युरोपभर वाचला गेला. पुढे सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून या प्रकारांची तपासणी करवून घेतली आणि १७५५ मध्ये प्रेतं उकरण्यावर बंदी घातली. अमेरिकाही यातून सुटली नव्हती. ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्सेटर गावी १८९२ मध्ये मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने वारली. तिची आई आणि बहीण आधीच त्याच रोगाने गेल्या होत्या, भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. वडिलांचा विश्वास नसतानाही शेजाऱ्यांच्या आग्रहापुढे ते नमले. हिवाळ्याच्या थंडीत टिकून राहिलेलं मर्सीचं शरीर बाहेर काढलं, काळीज जाळलं आणि त्याची राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. काही आठवड्यांतच तोही गेला. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. अमेरिकन अभ्यासक पॉल बार्बर याने १९८८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं आहे की फुगलेलं पोट, ओठांवरचं रक्त, वाढल्यासारखी वाटणारी नखं या ‘खुणा’ म्हणजे प्रेत कुजण्याच्या नेहमीच्या अवस्था आहेत. या प्रकारांत एक धागा सारखा आहे. साथ आली, माणसं मरू लागली, कारण कळेना. तेव्हा दुःखाने गांगरलेल्या समाजाने उत्तर म्हणून एका व्यक्तीकडे बोट दाखवलं.

रोमेरो हीच जुनी प्रक्रिया विसाव्या शतकातल्या एका विशिष्ट जागी आणून ठेवतो, आणि जागेची ही निवड त्याच्या युक्तिवादाचा अर्धा भाग आहे. पिट्सबर्गच्या आग्नेयेला मोनाँगहेला नदीकाठी वसलेलं ब्रॅडक हे अमेरिकन पोलादाच्या इतिहासातलं मानाचं नाव आहे. अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये इथे एडगर थॉमसन कारखाना सुरू केला, आणि त्याच्या देणगीतून अमेरिकेत उभ्या राहिलेल्या शेकडो ग्रंथालयांतलं पहिलं ग्रंथालयही याच गावात आहे. पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या हजारो कामगारांनी हे गाव भरलं. १९२० च्या सुमारास लोकसंख्या वीस हजारांच्या वर होती. पुढे पोलाद उद्योगाला घरघर लागली, तरुण बाहेर पडले, दुकानं बंद झाली आणि १९८० च्या जनगणनेपर्यंत गावात जेमतेम साडेपाच हजार माणसं उरली. ‘मार्टिन’ या उतरणीच्या ऐन मध्यावर चित्रित झाला. ओस रस्ते, फळ्या मारलेल्या खिडक्या, काजळलेल्या विटा यांसाठी वेगळा सेट उभारावा लागला नाही. ध्वनिमुद्रण सांभाळणारा टोनी बुबा याच गावचा, आणि पुढे त्याने ब्रॅडकच्या ऱ्हासावरच आयुष्यभर माहितीपट केले. कूडाची नात क्रिस्टिना आणि तिचा मित्र आर्थर यांच्यात कामाच्या शोधावरून, गाव सोडण्यावरून सतत धुसफूस चालते. ज्या गावाचं रक्त खरोखर शोषलं गेलं आहे, तिथला एक म्हातारा आपल्या घरातल्या एका पोरावर शोषणाचा आरोप ठेवतो. कारखान्यांचे निर्णय कूडाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. मार्टिन मात्र त्याच्याच माडीवर झोपतो आणि त्याच्या छातीपर्यंत मेख पोहोचते.

‘मार्टिन’वर एक तक्रार ठरलेली असते: तो रेंगाळतो. घरोघरी किराणा पोहोचवणारा, दुकानात झाडलोट करणारा, बसच्या खिडकीतून बाहेर बघणारा मार्टिन आपण कितीतरी वेळ पाहत राहतो. दोन हल्ल्यांच्या मध्ये लांब, सपाट दिवस पसरलेले आहेत. ही तक्रार फेटाळण्यापूर्वी तिच्यातलं खरं मान्य करायला हवं. भयपटाकडून जी लय अपेक्षित असते ती इथे नाही, आणि केवळ संथ आहे म्हणून कोणताही चित्रपट खोल ठरत नाही. परंतु इथला संथपणा एक काम करतो. वेगवान भयपटात आपल्याला मारेकऱ्याचा चेहरा पाहायला सवडच मिळत नाही, त्यामुळे ‘तो’ आणि ‘आपण’ यांच्यातली भिंत शाबूत राहते. मार्टिनबरोबर इतका वेळ घालवल्यावर त्याचा एकटेपणा, त्याचं अवघडलेपण, बाईमाणसाशी बोलताना जमिनीला खिळणारी नजर हे सगळं ओळखीचं होतं. हल्ल्यांच्या प्रसंगांतही हीच शिस्त आहे. नवरा बाहेरगावी गेला असं हेरून तो एका बंगल्यात शिरतो, तर तिथे ती स्त्री प्रियकरासोबत असते, आणि त्याची आखलेली योजना कोसळते. तो गडबडतो, लपतो, एकाला गुंगीचं औषध टोचून दुसऱ्याच्या मागे धावतो. हा प्रसंग कमालीचा ताण निर्माण करतो, कारण इथे मारेकऱ्याजवळ कोणतीही अमानवी ताकद नाही; आहे तो एक घाबरलेला, हट्टी माणूस. छायाचित्रकार मायकेल गॉर्निकचा साधा, जवळजवळ वृत्तपटासारखा कॅमेरा, डोनाल्ड रुबिनस्टाइनचं उदास पार्श्वसंगीत आणि स्वतः रोमेरोचं संकलन हे तिन्ही मिळून प्रेक्षकाला पळवाट ठेवत नाहीत. हिंसा माणूस करतो, आणि ती करायला त्याला बराच वेळ लागतो. ही जाणीव घाईत देता आली नसती.

या लांब दिवसांत मार्टिनचं म्हणणं कोण ऐकतं, याचाही हिशेब चित्रपट काळजीपूर्वक ठेवतो. रात्री तो रेडिओवरच्या एका कार्यक्रमाला फोन करतो. निवेदक त्याला ‘काउंट’ अशी पदवी देतो आणि बघता बघता तो श्रोत्यांचा लाडका होतो. आपण माणसं मारतो, हे तो जवळजवळ उघड सांगतो. ऐकणाऱ्यांना ती करमणूक वाटते. कूडाला त्याच्या प्रत्येक शब्दात फक्त पाप ऐकू येतं. किराणा पोहोचवताना ओळख झालेली मिसेस सँटिनी ही एकाकी, खचलेली गृहिणी त्याच्याशी मोकळेपणाने बोलते, कारण तो फारसं उत्तर देत नाही. त्यांच्यात शरीरसंबंध जुळतात, त्यात सिरिंज नसते, ब्लेड नसतं, आणि मार्टिनला पहिल्यांदा जागी असलेल्या, राजी असलेल्या माणसाचा स्पर्श मिळतो. याच काळात त्याची रक्ताची ओढ सैल होताना दिसते. याला डॉक्टरची गरज आहे, लसणाची नाही, असं सरळ म्हणणारी एकटी क्रिस्टिना आहे; पण तिचं स्वतःचंच आयुष्य त्या घरात गुदमरतं आहे आणि अखेर ती गाव सोडून निघून जाते. गावातला तरुण पाद्री, जो स्वतः रोमेरोने साकारला आहे, कूडाच्या भूतपिशाच्चाच्या गोष्टी हसण्यावारी नेतो. श्रद्धा, प्रसारमाध्यम, प्रेम, कुटुंब आणि चर्च अशी पाच दारं मार्टिनसमोर येतात. त्यांपैकी एकही पूर्ण उघडत नाही, आणि ज्या दारातून थोडा उजेड येतो, तिथली व्यक्ती त्याच्याइतकीच बुडत असते.

शेवट या सगळ्याचा निष्कर्ष आहे. मिसेस सँटिनी आत्महत्या करते. तिचा देह मार्टिनला सापडतो. नसा कापलेल्या स्त्रीची बातमी गावात पसरते आणि कूडा आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावतो. अंथरुणात पडलेल्या मार्टिनच्या छातीत तो लाकडी मेख ठोकतो आणि त्याला घराच्या अंगणात पुरून टाकतो. पहिल्या प्रसंगात मार्टिनने खुनाला आत्महत्येचं रूप दिलं होतं; शेवटी खऱ्या आत्महत्येला खून समजून त्याचा जीव घेतला जातो. मार्टिन निरपराध नाही, त्याने माणसं मारली आहेत. पण ज्या मृत्यूची शिक्षा त्याला मिळते, तो त्याने घडवलेला नाही. इथे रोमेरोचं म्हणणं धारदार होतं. अंधश्रद्धेचा निवाडा क्रूर असतो, एवढ्यावर तो थांबत नाही; असा निवाडा नेमका खऱ्या गोष्टीपाशी आंधळा असतो, हे तो दाखवतो. कूडाला मार्टिनचे खरे गुन्हे कधी धड कळलेच नाहीत, कारण त्याला पुरावा नको होता, खूण हवी होती. आणि एका विवाहित स्त्रीने निराशेत जीव दिला, या सत्याकडे बघण्याची वेळ तर कोणावरच आली नाही. पिशाच्च हाताशी असल्यामुळे तिच्या दुःखाची चौकशी करण्याचं कारणच उरलं नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: स्त्रियांना बेशुद्ध करून त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या, त्यांना मारणाऱ्या माणसाबद्दल हा चित्रपट सहानुभूती मागत नाही का? आक्षेपात तथ्य आहे. रेल्वेतल्या त्या स्त्रीविषयी आपल्याला काहीच कळत नाही. तिच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि मार्टिनच्या वाट्याला संपूर्ण चित्रपट. पण सहानुभूती आणि समर्थन या दोन गोष्टी आहेत, आणि रोमेरोने समर्थनाची वाट पद्धतशीरपणे बंद केली आहे. हिंसा मोहक वाटेल असं एकही दृश्य रंगीत भागात नाही. मोह आहे तो फक्त मार्टिनच्या कृष्णधवल कल्पनेत, आणि ती खोटी आहे हे लगेच दाखवलं जातं. स्त्री प्रतिकार करते, तिचा आवाज ऐकू येतो, मृत्यूला वेळ लागतो. त्याला समजून घेतल्याने त्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट पिशाच्च मानण्यानेच ती कमी होते, कारण पिशाच्चाला रक्त प्यावंच लागतं, त्याला निवड नसते. माणसाला असते. मार्टिन माणूस आहे असं ठासून सांगणं म्हणजे त्याच्यावर अधिक कडक आरोप ठेवणं आहे.

दुसरा आक्षेप मानसिक आजारासंबंधी आहे. एकलकोंडा, अस्थिर माणूस म्हणजे संभाव्य खुनी, ही समजूत भयपटांनी ‘सायको’पासून (१९६०) घट्ट केली आणि ‘मार्टिन’ही त्याच रांगेत बसतो, असं कोणी म्हणू शकेल. मनोविकार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. उलट हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. त्यामुळे या आक्षेपाकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि हा चित्रपट एखाद्या आजाराचं चित्रण म्हणून पाहणं चूकच ठरेल. मात्र ‘सायको’च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो आणि प्रेक्षक निश्चिंत होतो, ‘मार्टिन’मध्ये असा तज्ज्ञ नाही, निदान नाही, आजाराचं नाव नाही. रोमेरो पिशाच्चाच्या जागी ‘वेडा’ ही दुसरी चिठ्ठी चिकटवत नाही. मिसेस सँटिनीला सोबत ठेवून तो आणखी एक गोष्ट साधतो: एकाकीपणाचा घाव बहुतेक वेळा ज्याचा त्यालाच बसतो, इतरांना नाही, हे तिच्या शेवटावरून कळतं.

उरतो तो चाहत्यांचा आवडता वाद: मार्टिन खरोखरच पिशाच्च असेल तर? मशाली घेऊन पाठलाग करणारे लोक, जुन्या काळातले वाडे, मंत्र म्हणणारे पाद्री अशी जी कृष्णधवल दृश्यं मधूनमधून येतात, त्या कल्पना आहेत की आठवणी, हे रोमेरोने मुद्दाम अनिश्चित ठेवलं आहे. आठवणी असतील, तर कूडा बरोबर ठरतो, असं वरवर वाटतं. पण त्याने काय बदलतं? लसूण आणि क्रूस तरीही निरुपयोगीच राहतात, मिसेस सँटिनीच्या मृत्यूबद्दलचा निवाडा तरीही चुकलेलाच राहतो, आणि ब्रॅडकचे रस्ते तरीही ओसच राहतात. मार्टिन चौऱ्याऐंशी वर्षांचा असेल, तर इतकाच अर्थ निघतो की चौऱ्याऐंशी वर्षांत कोणीही त्याच्याशी वेगळ्या रीतीने वागून पाहिलं नाही. ही संदिग्धता प्रेक्षकाची परीक्षा घेते. ‘तो नक्की कोण?’ या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळाल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो नकळत कूडाच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

म्हणून ‘मार्टिन’ हा भयपटाचा अपवाद नाही. भयपटाला काय करता येतं याची कसोटी आहे. किसिल्येवोत आणि एक्सेटरमध्ये प्रेतं उकरणारी माणसं दुष्ट नव्हती. ती दुःखी होती, घाईत होती, आणि त्यांना उत्तर हवं होतं. कूडाही दुष्ट नाही. त्याला खात्री आहे, आणि ती खात्री त्याला बघण्यापासून वाचवते. आजही एखादा भयंकर गुन्हा घडला की गुन्हेगाराला राक्षस म्हणून मोकळं होण्याची ओढ आपल्याला वाटतेच. राग रास्त असतो, शिक्षाही झाली पाहिजे. पण राक्षस म्हटल्याबरोबर चौकशी थांबते: त्याच्या घरात काय चाललं होतं, कोणी काय ऐकून सोडून दिलं, आधीचे बळी कोणाच्या नजरेतून सुटले, हे प्रश्न अनावश्यक ठरतात, आणि पुढचा बळी तितकाच असुरक्षित राहतो. रोमेरोचा चित्रपट आपल्याला दीड तास एका मारेकऱ्यासोबत बसवतो ते त्याला माफ करण्यासाठी नाही. अवघड प्रश्न विचारायला लागणारा वेळ आणि धीर अंगी बाणवण्यासाठी तो आपल्याला तिथे बसवतो, आणि बळींना न्याय मिळायचा असेल तर हा धीर आपल्याला टाळता येणार नाही.